गाणे पोचले, नाव पोचले काय?

१९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या परदेशी तंत्रज्ञांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. रात्रभर चालणाऱ्या मैफलीतील गाणे जेमतेम तीन मिनिटांत आटोपावयाचे, ही अटच त्या काळच्या गवयांना चमत्कारिक वाटली असेल. गौहर जान यांनी ती अट पाळली; आणि गाणे संपताच कर्ण्यात तोंड घालून आपले नाव इंग्रजीत खणखणीतपणे सांगितले. यात मिरविण्याचा भाग असेल-नसेल. खरे कारण व्यवहाराचे होते. ध्वनिमुद्रणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तबकड्या तेथे तयार होत. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कळण्याचा प्रश्नच नव्हता. कोणते गाणे कोणाचे, हे त्यांना उमगावे म्हणून गाण्याच्या शेवटी नाव सांगण्याची ही रीत पडली.

या घटनेला सव्वाशे वर्षे होत आली. आज गाणाऱ्याला कर्ण्यासमोर उभे राहावे लागत नाही. खिशातील मोबाइल समोर ठेवावा, गावे, आणि तासाभरात ते गाणे जगाच्या दुसऱ्या टोकास पोचावे, इतके हे काम सोपे झाले आहे. परंतु गौहर जान यांच्यापुढील प्रश्न मात्र सुटलेला नाही. उलट तो अधिक बिकट झाला आहे. गाणे पोचले, पण त्याच्याबरोबर गाणाऱ्याचे नाव पोचले काय? आणि नाव पोचले, तर त्या नावावर चार माणसांचे कुटुंब चालेल, इतका आश्रय मिळाला काय? कोणत्याही कंपनीशी बांधून न घेतलेले गायक-वादक, ज्यांना आज स्वतंत्र कलावंत म्हणतात, ते यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या समाजमाध्यमांचा उपयोग करून आपला व्यवसाय कसा उभारतात, हे समजून घ्यावयाचे तर हे दोन प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत.

आश्रयाचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या दरबारी हद्दूखाँ-हस्सूखाँ, इंदुरास होळकरांच्या पदरी मृदंगाचार्य नाना पानसे, बडोद्यास गायकवाडांकडे फैयाज खाँ, ही नावे त्या त्या शहरांतील मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. राजाश्रय होता तेव्हा कलावंताला एकच माणूस प्रसन्न करावा लागे. तो रुसला की मात्र सारेच रुसत. या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचे धैर्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी दाखविले. १८९६ साली ते मिरजेहून निघाले, गावोगाव हिंडले, तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून ते लोकांच्या पैशावर चालवून दाखविले. राजाश्रयाची जागा लोकाश्रय घेऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु त्या काळी लोकांपर्यंत जावयाचे म्हणजे देहाने जावे लागे. पुढे तबकडी आली, नभोवाणी आली, आणि कलावंताचा आवाज त्याच्यावाचून फिरू लागला. मात्र तबकडीच्या दारात कंपनीचा अधिकारी आणि नभोवाणीच्या दारात स्वरपरीक्षा घेणारे मंडळ उभे होते. दारापाशी थांबविले गेलेले कितीतरी गुणी कलावंत तेथूनच परत गेले.

गेल्या वीस वर्षांत हा दारवान पुष्कळसा दूर झाला. घरातल्या संगणकावर चांगले ध्वनिमुद्रण होऊ लागले, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण वितरणाचे. स्पॉटिफायसारख्या गाण्यांच्या दुकानात कलावंताला स्वतः गाणे ठेवता येत नाही. पण डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी अशा वितरण संस्था ते काम करतात. कोणी वार्षिक वर्गणी घेते, कोणी दर गाण्यामागे शुल्क आकारते, कोणी मिळकतीतील हिस्सा कापते. काहींची अट अशी असते की, वर्गणी थांबली की गाणेही दुकानातून उतरविले जाते. ती अट आधी वाचणे शहाणपणाचे. एवढे केले की नवख्या पोराचे गाणे आणि नामवंतांचे गाणे एकाच फडताळावर येऊन बसते. अडचण पुढेच आहे. फडताळ अफाट आहे. त्यावरील आपली वस्तू कोणाच्या नजरेस पडावी कशी? येथून समाजमाध्यमांचे काम सुरू होते.

या माध्यमांचे सामर्थ्य प्रथम ठळकपणे दिसले ते इंग्लंडातील शेफील्ड या पोलादी शहरात. तेथील चार तरुणांचे आर्क्टिक मंकीज नावाचे वाद्यवृंद-मंडळ लहानसहान ठिकाणी गात असे, आणि कार्यक्रम संपला की आपल्या गाण्यांच्या तबकड्या फुकट वाटीत असे. ऐकणाऱ्यांनी त्या तबकड्यांवरील गाणी संगणकावर उतरवून एकमेकांस धाडली. त्या काळी जोरात असलेल्या मायस्पेस या समाजमाध्यमावर मंडळाच्या नावाचे पान निघाले. तेही मंडळाने नव्हे, चाहत्यांनी उघडले. परिणाम असा की, ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. आणि जानेवारी २००६ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या गीतसंग्रहाच्या ३,६३,७३५ प्रती एका आठवड्यात खपल्या. तो संग्रह काढणारी डोमिनो ही संस्थाही बड्या कंपन्यांपैकी नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. माध्यमाने गाणे पसरविले हे खरे. पण आधी समोरासमोर बसून ऐकणारी माणसे होती. त्यांना ते गाणे आपले वाटले, म्हणून त्यांनी ते पुढे नेले. माध्यम हा वारा आहे. ठिणगी आधी कोठेतरी पडलेली असावी लागते.

मायस्पेसचा काळ गेला. आता यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांचा आहे. यांची रीत थोडी निराळी. पूर्वी ओळखीच्याने ओळखीच्याला गाणे सांगावे, असा मामला होता. आज कोणाला काय दाखवावयाचे, हे बहुतांशी एक गणिती यंत्रणा ठरविते. नवी चित्रफीत आली की ती काही लोकांपुढे ठेवली जाते. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली काय, दुसऱ्याला धाडली काय, पसंतीची खूण केली काय, हे यंत्रणा टिपते. आणि उत्तर अनुकूल आले की ती आणखी लोकांपुढे जाते. साहजिकच पहिल्या दोन-चार क्षणांत ऐकणारा थांबला नाही, तर पुढचे सारे व्यर्थ. यामुळे गाण्याच्या रचनेवरही परिणाम होतो. तबकडीने ख्याल तीन मिनिटांत बसविला. आता अर्ध्या मिनिटात मुखडा पोचावा लागतो. सावकाश उलगडणाऱ्या आलापीला ही जागा अडचणीची आहे, हे कबूल केले पाहिजे. म्हणून जाणते कलावंत असे करतात की, आखूड तुकडा हा केवळ दारावरच्या पाटीसारखा वापरावयाचा आणि संपूर्ण गाणे यूट्यूबवर वा अन्यत्र स्वस्थपणे ऐकावयास ठेवावयाचे. पाटी वाचून जो आत येईल, तो आपला श्रोता.

कमी भांडवलात किती लांब जाता येते, याची उदाहरणे आता सर्वांच्या परिचयाची आहेत. मुंबईतील कुर्ल्याच्या वस्तीत राहणाऱ्या नेझी या तरुणाने २०१४ साली आयपॅडवर आपले हिंदी रॅप गीत तयार केले, त्याच्यावरच चित्रण केले आणि यूट्यूबवर ठेवले. त्या गल्लीतून उठलेल्या गाण्याचा प्रवास पुढे हिंदी चित्रपटापर्यंत गेला. २०१९ सालच्या 'गली बॉय' या चित्रपटाला नेझी आणि डिव्हाइन या दोघांच्या जीवनक्रमावरून प्रेरणा मिळाली होती. त्याच २०१९ साली अमेरिकेत लिल नॅस एक्स या विशीतल्या पोराचे गाणे १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या गाण्याची वाद्यसाथ त्याने एका डच तरुणाकडून इंटरनेटवरून ३० डॉलरला घेतली होती. टिकटॉकवर लोकांनी त्या गाण्यावर आपापल्या गमती केल्या आणि गाणे घरोघर गेले. मराठीतही जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड याचे 'गुलाबी साडी' हे गाणे २०२४ साली इन्स्टाग्रामवर असेच गाजले. मराठीचा एक शब्द न समजणाऱ्या प्रांतांतील आयाबहिणींनीही त्याच्या ठेक्यावर पावले टाकली.

या यशांत समान धागा कोणता? श्रोत्याला केवळ ऐकणारा न ठेवता सहभागी करून घेतले, हा. गाण्यात ठेका असा, की सामान्य माणसालाही चार पावले टाकता यावीत. ओळ अशी, की दुसऱ्याला आपल्या प्रसंगावर ती लावता यावी. भजनात जसे टाळकरी धृपद उचलतात, तसेच हे. बुवा एकटेच गात राहिले तर भजन रंगत नाही.

परंतु येथेच नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अशा आखूड चित्रफितीत चेहरा दुसऱ्याचा असतो, पाऊल दुसऱ्याचे असते. गाणे मागे वाजत असते. ते कोणाचे, हे पाहण्याची तसदी थोडेच घेतात. त्यातून एखाद्याने दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या चित्रफितीत घालून चढविले, तर इन्स्टाग्रामवर तो आवाज चढविणाऱ्याच्या नावाने नोंदला जाण्याचा संभव असतो. मग हजारो लोक ते गाणे वापरतात आणि मूळ गायकाचे नाव कोठेच नसते. यावर उपाय साधा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. गाणे लोकांत सोडण्यापूर्वीच वितरण संस्थेमार्फत ते त्या माध्यमांच्या गीतभांडारात आपल्या नावाने, एकाच स्पेलिंगाने, दाखल करावयाचे. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे तेथेच भरावयाची. गौहर जान यांनी तबकडीच्या शेवटी जे केले, तेच हे. फक्त आता ते गाण्याच्या आधी करावे लागते.

प्रत्यक्ष दैनंदिन काम कसे चालते, हेही पाहण्यासारखे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एक गाणे केले आणि नशीब फळफळले. वस्तुतः हे शेतीसारखे काम आहे. एका गाण्यातून पाच-सहा लहान गोष्टी काढल्या जातात. चाल सुचली तो प्रसंग, तालमीतील चूक, वादकाची ओळख, एखाद्या ओळीचा अर्थ, मग मुखडा आणि शेवटी पूर्ण गाणे. ठरलेल्या वारी काही ना काही श्रोत्यांपुढे येते. आलेल्या अभिप्रायांना उत्तरे दिली जातात. 'ऐका, विकत घ्या' असा धोशा लावणाऱ्याकडे लोक पाठ फिरवितात. जो आपल्या कामाची खोली उघडून दाखवितो, त्याच्याकडे वळतात. लंडनमधील जेकब कॉलियर या तरुणाने हेच केले. घरातील आपल्या खोलीत बसून एकाच गीताचे अनेक स्वरभाग स्वतः गावयाचे, सारी वाद्ये स्वतः वाजवावयाची आणि ती एकत्र जोडून यूट्यूबवर ठेवावयाची, असा त्याचा क्रम होता. २०१३ सालच्या अशा एका चित्रफितीमुळे थोर संगीतकार क्विन्सी जोन्स यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. २०१६ साली त्याने त्याच खोलीत पहिला गीतसंग्रह केला, आणि २०१७ साली त्यातील रचनांसाठी त्याला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. त्याने श्रोत्यांकडून त्यांच्या लहान लहान चाली मागविल्या आणि त्यांवर स्वरसाज चढवून त्या परत दिल्या, ही त्याची युक्ती विशेष होय. ज्याची चाल कलावंताने हाती घेतली, तो श्रोता त्या कलावंताला विसरेल कसा?

याखेरीज एक मोठी सोय या माध्यमांनी केली आहे. कोणत्या शहरातून किती लोक गाणे ऐकतात, हा हिशोब कलावंताला घरबसल्या पाहता येतो. समजा, बेळगावातील एक गायिका मराठी भावगीते गाते. गावात तिचे श्रोते थोडे असतील. पण हिशोब पाहता इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे मिळून चारशे माणसे तिची गाणी नेमाने ऐकतात, असे तिला दिसून येईल. पूर्वी हे चारशे लोक तिला सापडणे अशक्य होते. आता तेथील महाराष्ट्र मंडळाला पत्र लिहिताना तिच्या हाती नुसती विनंती नसते, आकडा असतो. परप्रांतांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसांसाठी हा लाभ लहान नव्हे. विखुरलेला श्रोता एकत्र गोळा करणे, हे या माध्यमांचे खरे काम. लाखांची गर्दी जमविणे हे नव्हे.

आता पैशाचे. या बाबतीत लोकांच्या कल्पना फार भाबड्या असतात. लाख लोकांनी पाहिले म्हणजे लाखो रुपये मिळाले, असे नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी आधी निदान १,००० सभासद हवेत आणि त्याबरोबर बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा आखूड चित्रफितींच्या बाबतीत नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाणे, ही अट आहे. ती पुरी झाल्यावर लांब चित्रफितीवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. स्पॉटिफायवर दर वेळेचा ठराविक भाव नसतो. जमलेल्या रकमेतून ज्याचे गाणे जितक्या प्रमाणात ऐकले गेले, तितका त्याच्या हक्कदारांना वाटा, असा हिशोब आहे. शिवाय २०२४ पासून जे गाणे मागील बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकले गेले नाही, त्याला तेथे काहीच मिळत नाही. थोडक्यात, या मार्गाने येणारे पैसे बहुतेकांच्या बाबतीत चहापाण्यापुरते असतात.

गाजलेल्यांचीही कथा फार वेगळी नसते. अमेरिकेतील पॉम्पलमूस या दोघांच्या मंडळाने यूट्यूबवर मोठे नाव मिळविले होते. २०१४ साली त्यांनी देशभर महिनाभराचा दौरा केला आणि मग धीटपणे जमाखर्च लोकांपुढे मांडला. जमा १,३५,९८३ डॉलर, खर्च १,४७,८०२ डॉलर. म्हणजे टाळ्या भरपूर आणि तूट ११,८१९ डॉलरची! वादकांचे पगार, मुक्काम, प्रवास, दिव्यांची व्यवस्था यांत सारे गेले. यांपैकी जॅक कॉन्टी यांनी त्याआधीच, २०१३ साली, एका सहकाऱ्याबरोबर पेट्रिऑन ही व्यवस्था सुरू केली होती. चाहत्याने दरमहा थोडी रक्कम द्यावी आणि कलावंताने त्याला काही विशेष ऐकवावे, अशी ती योजना. बँडकॅम्प या २००८ सालच्या दुकानात श्रोता गाणे थेट विकत घेतो, आणि सर्वसाधारणपणे पंधरा टक्के वजा जाता बाकीचे, देवघेवीचा खर्च सोडून, कलावंताकडे जाते. मासिक वर्गणी, थेट विक्री, शिकवण्या आणि प्रत्यक्ष कार्यक्रम या चार खांबांवर स्वतंत्र कलावंताचे छप्पर उभे असते. समाजमाध्यम हा त्यांतील खांब नव्हे. खांबांकडे नेणारी ती वाट आहे.

केविन केली या अमेरिकन लेखकाने २००८ साली एका लेखात याचा साधा हिशोब मांडला. कलावंताला लाखो चाहते नकोत. वर्षाकाठी शंभर डॉलर आनंदाने देणारे एक हजार सच्चे चाहते असले, तरी वर्षाचे एक लाख डॉलर होतात. आपल्याकडील मानाने डॉलरच्या जागी रुपयांचा आकडा कमी धरावा लागेल आणि चाहत्यांचा वाढवावा लागेल. पण हिशोबाची दिशा तीच राहते. २०१२ साली अमांडा पामर या गायिकेने, कंपनीची नोकरीवजा बांधिलकी सोडल्यावर, किकस्टार्टरवर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. २४,८८३ माणसांनी मिळून तिला जवळजवळ बारा लाख डॉलर दिले. दर माणशी सरासरी काढली तर ती पन्नास डॉलरपेक्षाही कमी भरते. कार्यक्रमानंतर तासन्‌तास थांबून श्रोत्यांना भेटणे, त्यांचे पत्ते जपणे, त्यांना लिहिणे, हे तिने कित्येक वर्षे केले होते. त्याचे हे फळ. मात्र त्याच वर्षी स्थानिक वादकांना बिनपैशाने आपल्याबरोबर वाजवावयास बोलाविल्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली, आणि शेवटी तिने त्यांना पैसे दिले. लोकाश्रय मिळाला की लोक जाबही विचारतात. राजाश्रयात तो विचारणारा एकच असे, एवढाच फरक.

येथवर वाट सरळ वाटली, तरी तिच्यावर एक मोठा खड्डा आहे. ही माध्यमे कलावंताच्या मालकीची नाहीत. तेथे तो भाडेकरू आहे, आणि घरमालक केव्हा काय करील याचा नेम नाही. ज्या मायस्पेसवर शेफील्डच्या पोरांचे नाव गाजले, त्या माध्यमाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केले की, यंत्रसामग्री हलविताना तीन वर्षांपूर्वीपर्यंत चढविलेली बारा वर्षांची गाणी नष्ट झाली. ही गाणी सुमारे पाच कोटी होती आणि ती सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांची होती! दुसऱ्या कोणीतरी उतरवून ठेवली होती म्हणून त्यांतील पाच लाखांच्या आत-बाहेर तेवढी पुढे हाती लागली. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. सुमारे वीस कोटी भारतीय जेथे जमत होते, तो बाजार एका रात्रीत उठला. खेड्यापाड्यांतील कितीतरी गायक-वादकांनी तेथे चाहते जोडले होते. त्या चाहत्यांचे पत्ते कलावंतांजवळ नव्हते. ते अ‍ॅपजवळ होते. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील सुरू केले आणि अनेकांनी तेथे पुन्हा श्रीगणेशा केला. पण जमविलेली माणसे कोणालाही बरोबर नेता आली नाहीत.

म्हणून जाणकार सांगतात ते असे. माध्यमावर भेटलेल्या श्रोत्याला आपल्या उंबरठ्यापर्यंत आणावे. स्वतःचे साधेसे संकेतस्थळ असावे. ई-मेलच्या पत्त्यांची वही असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर श्रोत्यांच्या संमतीने गट असावा. गाण्यांच्या मूळ प्रती दोन ठिकाणी जतन कराव्यात. पाच हजार अनोळखी अनुयायांपेक्षा पाचशे पत्ते अधिक मोलाचे. कारण घरमालकाने दार बंद केले, तरी पत्ते आपल्याच कपाटात राहतात.

हक्कांची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. दुसऱ्याची चाल वापरली की तिच्यावरचा मालकी हक्क आपला होत नाही. यूट्यूबची यंत्रणा ताडून पाहते, आणि जुळले की जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडे जाऊ शकतात. लिल नॅस एक्सच्या त्या ३० डॉलरच्या वाद्यसाथीत नाइन इंच नेल्स या मंडळाच्या २००८ सालच्या रचनेचा तुकडा निघाला, आणि त्या रचनाकारांची नावे गाण्याच्या कर्त्यांत घालावी लागली. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित झाला आहे. आयपीआरएस ही संस्था त्यांच्या वतीने वसुली करते. परंतु तेथे नाव नोंदविण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. गीत, चाल आणि साथ कोणाची व वाटा किती, हे मित्रामित्रांतही गाणे गाजण्यापूर्वी कागदावर लिहावे. गाजल्यावर लिहावयास बसले की मैत्रीही जाते.

सर्वांत कठीण हिशोब मात्र पैशाचा नसून वेळेचा आहे. माध्यमाची भूक कधी भागत नाही. आज गाजलेले परवा शिळे होते. दिवसाचे दोन तास चित्रफिती जोडण्यात, एक तास अभिप्रायांत आणि उरलेला आकडे मोजण्यात गेला, तर रियाज केव्हा करावयाचा? पूर्वी दारावरच्या अधिकाऱ्याने गायकाला अडविले तर तो घरी जाऊन गात तरी बसे. आता कोणी अडवीत नाही, पण गायलाही सवड राहत नाही, अशी पाळी येऊ शकते. म्हणून ज्यांचा व्यवसाय टिकला, त्यांची दिनचर्या पाहावी. आठवड्यातील ठराविक दिवस माध्यमासाठी, बाकीचे गाण्यासाठी, अशी वाटणी त्यांनी करून ठेवलेली आढळते. श्रोता जोडून द्यावयाचे काम माध्यमाचे. त्याला धरून ठेवण्याचे काम गाण्याचेच.

पलुसकरांना गावोगाव चालत-फिरत जो लोकाश्रय मिळवावा लागला, तो आज घरच्या खोलीतून मागता येतो, ही प्रगती खरीच आहे. पण मागणाराला स्वतःचे नाव, स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा गळा हे तिन्ही जपावे लागतात. कलकत्त्याच्या त्या खोलीत, कर्ण्यापुढे, गौहर जान यांनी गाणे झाल्यावर दोन क्षण अधिक थांबून नाव सांगितले. तबकडी फिरते, तोवर ते नाव ऐकू येते. आज गाणे लोकांत सोडणाऱ्या प्रत्येकाने तेवढे दोन क्षण थांबले पाहिजे.